तीन बाटल्या ब्रेक ऑइल आणि एक निपल

गौरी-गणपती आटोपले की नागावच्या किनाऱ्यावर एटीव्ही, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी गाड्या, फिरवणारी मुलं एकेक करून माझ्या गॅरेजात येतात. पावसाळाभर गाड्या पत्र्याखाली ताडपत्रीत गुंडाळून पडलेल्या असतात. कोणाची बॅटरी बसलेली, कोणाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि बहुतेकांचे ब्रेक अडकलेले. हे प्रकरण त्यातल्याच एका गाडीचं. त्यात गाडीचा दोष निम्माच होता, उरलेला माझा. म्हणून लिहून ठेवतोय.

गाडी अडीचशे सीसीची. पुढच्या दोन चाकांना दोन डिस्क, मागे सलग धुऱ्यावर एकच. उजव्या हाताचं लिव्हर फक्त पुढच्या दोन कॅलिपरना, म्हणजे डिस्क चिमटीत धरणाऱ्या पकडींना, तेल देतं. मागचा ब्रेक पायावर, त्याचा मास्टर सिलेंडर, म्हणजे तेल ढकलणारा पंप, वेगळा. पोराची तक्रार अशी: "काका, ढकलायला गेलो तर पुढचं डावं चाक फिरतच नाही. आणि मे महिन्यात तर अर्धा तास चालवली की ब्रेक गायब व्हायचा. गाडी थंड झाली की परत यायचा."

तक्रारीचे हे दोन भाग एकाच दुखण्याचे आहेत हे मला लगेच कळलं. खोटं कशाला सांगू, त्यामुळे जरा खूशही झालो. कॅलिपरचा पिस्टन अडकला की पॅड डिस्कला घासत राहतो. घासला की तापतो. ती उष्णता पिस्टनमधून थेट तेलात उतरते. तेलात पाणी मुरलेलं असेल तर त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. लिव्हर मग थेट हँडलला टेकतं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक जागेवर येतो. मालकाला वाटतं भुताटकी आहे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते ऑइल नव्हेच. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे सगळे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, रबरी होसच्या अंगातून ओल आत मुरतच राहते. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४० आहेत. समुद्रकाठच्या हवेत चार महिने पडून राहिलेल्या, आणि त्याआधी किती वर्षं तेल न बदललेल्या गाडीत काय परिस्थिती असेल, त्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात दोन वर्षांनी तेल बदला असं असतं. या गाडीत ते कधी बदललं होतं, हे पोराला आठवत नव्हतं. गाडी त्याने कोणाकडून तरी जुनी घेतलेली.

टाकीच्या झाकणावर डॉट ४ असं लिहिलेलं होतं. झाकणाचे दोन स्क्रू खाऱ्या हवेने इतके धरले होते की साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकीच गेली असती, म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन हातोडीने टोले दिले. आत रबरी पडद्याखाली कोऱ्या कॉफीच्या रंगाचं पाणी आणि तळाला चिखल. तो चिखल तसाच ठेवून नवं तेल ओतणं ही आळशी माणसाची रीत. टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. त्यातलं छोटं तर सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर कॅलिपरकडचा दाब तिथूनच टाकीत परत येतो. त्यात कचरा बसला की कॅलिपर चांगला असूनही ब्रेक सुटत नाही. म्हणून जुनं तेल सिरिंजने ओढून घेतलं, टाकी पुसली, आणि गिटारच्या बारीक तारेचं टोक त्या भोकातून हलकेच फिरवलं.

मग दोन्ही पुढचे कॅलिपर उतरवले. डाव्याचा पिस्टन हवेच्या दाबाने निघेना. समोर लाकडाचा ठोकळा, दाब अगदी थोडा, आणि बोटं लांब. हा पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. गॅरेजातल्या पोऱ्याला मी दर वेळी हे सांगतो आणि दर वेळी त्याचं बोट तिथेच असतं. शेवटी निघाला. पिस्टनभोवतीचं रबरी सील ज्या खाचेत बसतं त्या खाचेत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी साठली होती. समुद्रकाठच्या गाड्यांचा हा खास रोग. सील स्वतः धड असतं, पण मागून ही भुकटी त्याला ढकलते आणि ते पिस्टनला आवळून धरतं. चौकोनी कापाच्या या सीलचं काम नुसतं तेल अडवण्याचं नाही. ब्रेक दाबला की ते किंचित वाकतं, आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो त्या केसभरामुळे. डाव्या कॅलिपरमध्ये ते घडतच नव्हतं.

खाचा दाताच्या डॉक्टरच्या आकड्यासारख्या टोकदार हत्याराने खरवडल्या. दोन्ही कॅलिपर एकाच ट्रेमध्ये स्पिरिटने धुतले. रॉकेल किंवा पेट्रोल इथे वापरायचं नाही. ब्रेकचं रबर वेगळ्या जातीचं असतं, खनिज तेलाने फुगतं, आणि फुगलेलं सील मग कधीच कामाला येत नाही. सीलचं नवं किट बसवलं, सीलला ब्रेक ऑइलचाच हात लावला, सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं आणि कॅलिपर चढवले. डाव्या बाजूचा होस जरा पीळ घेऊन बसला. मला ते दिसलं होतं. 'जुना होस आहे, कडक झालाय,' असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो.

आता तेल भरून हवा काढायची. पहिली बाटली २५० मिलीची, सील न तोडलेली. फडताळात अर्धी वापरलेली एक होती, ती घेतली नाही. उघडी बाटली आमच्या हवेत महिनाभरही विश्वासाची राहत नाही.

हँडल पूर्ण डावीकडे वळवून ठेवलं, म्हणजे उजवीकडचा मास्टर सिलेंडर वर येतो आणि त्यातली हवा टाकीकडे जाते. निपलवर, म्हणजे कॅलिपरच्या हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर, आठचा रिंग पाना, त्यावर मत्स्यटाकीची पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ताजं तेल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. पोऱ्या लिव्हरवर, मी खाली. लिव्हरच्या मागे मी नेहमी लाकडाची एक चकती लावतो, म्हणजे ते पार हँडलपर्यंत जात नाही. जुन्या सिलेंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज असतो. लिव्हर शेवटपर्यंत दाबलं की मास्टरचं सील त्या गंजावरून घासत जातं आणि फाटतं. ब्रेकची हवा काढायला गेलात आणि मास्टर गमावलात, असं होतं.

आमच्या गॅरेजात 'सोड' हा शब्द या कामात बंद आहे. मी निपल सोडायला सांगतोय की लिव्हर, हे पोऱ्याला कळत नाही. त्याने लिव्हर आधी सोडलं की निपलमधून हवा उलटी आत ओढली जाते. म्हणून तो लिव्हर दाबून 'एक' म्हणतो, मी पाव फेरा सोडतो, तेल येतं, मी आवळतो आणि 'दोन' म्हणतो. मगच त्याने हात ढिला करायचा. चार-पाच वेळा झालं की टाकीत तेल बघायचं. टाकी कोरडी पडली तर सगळा खेळ पहिल्यापासून.

आधी लांबच्या पाईपचं डावं कॅलिपर, मग उजवं. काळं तेल गेलं, चहासारखं आलं, मग मधासारखं, मग बाटलीतल्यासारखं स्वच्छ. बुडबुडे थांबले. दोन्ही निपल आवळले. निपल फार ताकदीने आवळायचा नसतो, सहा-सात न्यूटन-मीटर पुरे. पोकळ असतो, तुटला की अर्धा आत राहतो.

लिव्हर दाबलं. मऊ पावात बोट घातल्यासारखं लागलं. पुन्हा पुन्हा मारलं की कडक होई, थोडं थांबलं की पुन्हा मऊ.

मारून कडक होणं म्हणजे हवा, हे आमच्या धंद्यात पोऱ्यालाही माहीत असतं. लिव्हर धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसलं असतं तर मास्टरचं सील गळतंय म्हटलं असतं. पण ते बसत नव्हतं. तेव्हा हवाच. दुसरी बाटली उघडली. या वेळी उलटं केलं. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणली, निपलवर नळी लावून तेल खालून वर टाकीकडे ढकललं. हवा वर जाते, तर तिला वरच हाकला, हा विचार. टाकीत काही बुडबुडे आलेही. लिव्हर जरा सुधारलं, पण गाडी द्यायच्या लायकीचं झालं नाही. पोराला फोन करून सांगितलं, उद्या ये.

आता एक हिशेब मांडतो. थोडीशी हवा राहिली तर काय बिघडतं असं विचारणारे पुष्कळ असतात. या मास्टर सिलेंडरवर १/२ असा आकडा ओतलेला आहे, म्हणजे आतला व्यास अर्धा इंच, १२.७ मिमी. लिव्हर पूर्ण ओढलं तर पिस्टन समजा १० मिमी सरकतो. तेवढ्यात तो किती तेल ढकलतो? सव्वा मिलीच्या आसपास. बस, एवढंच. आता कुठेतरी एक मिली हवा अडकली आहे असं धरा. ब्रेकचा दाब वातावरणाच्या दहापट झाला की त्या हवेचा आकार दहावा हिस्सा उरतो. म्हणजे ०.९ मिली तेल ती हवा दाबण्यातच खर्च झालं. पॅड दाबायला उरलं ते जेमतेम एक तृतीयांश मिली. चमचाभरसुद्धा हवा लागत नाही, गाडी थांबत नाही. मोटारीच्या ब्रेकमध्ये चालून जाणारी चूक या छोट्या सिलेंडरमध्ये चालत नाही, ती यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी गुन्हेगार शोधायला बसलो. मास्टरच्या तोंडाचा बँजो बोल्ट, म्हणजे होस जोडणारा पोकळ बोल्ट, काढून त्याच आट्यांचा, पण भोक नसलेला बोल्ट तांब्याच्या वॉशरसह लावला. लिव्हर दगड. म्हणजे मास्टर निर्दोष. तरी मनाची खात्री म्हणून बँजोजवळची हवा वेगळी काढली. ती जागा सगळ्यात उंच असते आणि बुडबुडा तिथे हमखास बसतो. त्यात तिसरी बाटली उघडावी लागली. मग चॅसिसवर जिथे पाईप दोन्हीकडे फुटतो तिथली डावी वाट बंद केली. लिव्हर मऊ, पण आधीपेक्षा कमी. डावी उघडून उजवी बंद केली. तेवढंच मऊ.

इथे मी चुकीच्या दिशेला गेलो. दोन्हीकडे सारखाच दोष म्हणजे दोन्ही होस फुगत असणार, असं ठरवून टाकलं. पोऱ्याला लिव्हर दाबायला लावून होस मुठीत धरले. फुगत नव्हते. डिस्क वाकडी असेल तर ती फिरताना पॅड मागे ढकलते, तेही तपासलं. सरळ होती. चहा प्यायलो. काही सुचेना तेव्हा जुना टोटका केला. लिव्हर ओढून रबराच्या पट्टीने हँडलला बांधलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

या टोटक्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कधी कधी त्याने खरंच काम होतं. दाबाखाली बारके बुडबुडे लहान होतात, भिंतीपासून सुटतात, आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर टाकीत निघून जातात. पण दाबाखाली काही हवा तेलात विरघळते, आणि ती गेलेली नसते, लपलेली असते. सकाळी पट्टी सोडली तर लिव्हर सुरेख कडक. पोराला फोन करणारच होतो. पण हात धुऊन परत आलो आणि सहज दाबून पाहिलं. पुन्हा तोच मऊ पाव. रात्रभर बांधलेल्या लिव्हरच्या भरवशावर सकाळी गाडी देणारे लोक आहेत. मी त्यातला एक होता होता राहिलो, हे कबूल करतो.

तेवढ्यात पोराची दुसरी गाडी आली होती, त्याच मॉडेलची. फक्त टायर बदलायला. पोऱ्या तिच्यासमोर उकिडवा बसला होता, मध्येच म्हणाला, "काका, हिचा निपल वर आहे."

मी म्हटलं, "मग?"

"आपल्या गाडीचा खाली आहे."

दोन्ही गाड्यांच्या मधे मी किती वेळ उभा होतो, माहीत नाही. कॅलिपर दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि दोन्हीकडे बेमालूम बसतात. बोल्टांची भोकं जुळतात, पॅड जुळतात, होससुद्धा लागतो, फक्त जरा पीळ घेतो. एकाच ट्रेमध्ये धुतले तेव्हा डावं-उजवं झालं आणि मी ते उलटे चढवले. सरळ बसवलं असतं तर निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी येतो. उलटं बसवल्यावर तो तळाला गेला. होसचं भोक मधोमध. तेल मधून येई आणि खालच्या निपलमधून जाई. पिस्टनमागच्या पोकळीचा वरचा भाग या वाटेवर येतच नव्हता, आणि तिथली हवा निवांत बसून होती. सिरिंजने खालून ढकललं तेव्हा तेल मधल्या भोकापर्यंत चढलं आणि तिथून निघून गेलं, वर गेलंच नाही. दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिली धरा, वरचा हिशेब बरोबर जुळतो. बुडबुडे थांबले होते ते हवा संपली म्हणून नव्हे. हवेला बाहेर यायची वाटच नव्हती.

कॅलिपर उतरवायच्या आधी एक प्रयोग केला, नुसता खात्रीसाठी. डावा कॅलिपर डिस्कवरून सोडला, होस लावलेलाच ठेवून हातात उलटा धरला, म्हणजे निपल आकाशाकडे. पॅडांच्या मधे डिस्कच्या जाडीची लाकडाची फळी घातली. हे विसरायचं नाही, नाहीतर पिस्टन उडी मारून मांडीवर येतो. पोऱ्याने 'एक' म्हटलं, मी निपल सोडला, आणि नळीतून करंगळीच्या पेराएवढा बुडबुडा बुळूक करून निघून गेला. उजव्यालाही तसंच. लिव्हर दुसऱ्याच दाबाला कडक.

अडचणीच्या वेळी ही युक्ती उपयोगी आहे, पण गाडी तशीच देऊन चालणार नव्हतं. पुढच्या वेळी हवा काढणारा पुन्हा याच खड्ड्यात पडला असता, आणि पिळलेला होस वळताना कुठे घासला असता कोण जाणे. म्हणून कॅलिपर आपापल्या बाजूला बसवले, बँजोला तांब्याचे नवे वॉशर लावले. जुने एकदा चेपलेले वॉशर नीट बसत नाहीत आणि तिथूनच पाझर सुरू होतो. उरलेल्या तिसऱ्या बाटलीतून पुन्हा हवा काढली. दहा मिनिटांचं काम.

मग लिव्हर ताकदीने धरून मिनिटभर मोजलं, खाली बसलं नाही. सगळे सांधे टिश्यू कागदाने पुसले आणि कागद पाहिले, कोरडे. पुढची चाकं उचलून हाताने फिरवली, मोकळी. मागच्या ब्रेकचंही तेल त्याच बैठकीत बदललं. एकच कॅलिपर, निपल वर, त्रास काही नाही. गाडी मी वाळूवर तपासत नाही. वाळूत चाक लगेच घसरतं आणि ब्रेक चांगला आहे की वाळू मऊ आहे हे कळत नाही. गॅरेजच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात आधी चालीच्या वेगाने, मग जरा जोरात, दहा-बारा वेळा थांबवून पाहिली. डिस्क तापवून परत लिव्हर पाहिलं. जागेवर.

टाकीवर सांडलेलं तेल पाण्याने धुतलं. हे तेल रंग खातं, आणि पुसण्यापेक्षा पाणी बरं, कारण ते पाण्यात मिसळतं. काळं जुनं तेल डब्यात भरून ठेवलं. किनाऱ्यावरच्या काही मुलांना ते वाळूत ओतायची सवय आहे. त्यांच्यावर मी ओरडतो.

पोर गाडी न्यायला आला तेव्हा विचारू लागला, "काका, दुकानदार म्हणतो डॉट ५ घाल, मोठा नंबर आहे." मोठा नंबर आहे, पण जात वेगळी आहे. डॉट ५ सिलिकॉनचं, ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ चालतं, ते ग्लायकॉलचंच. एका टिंबाने एवढा फरक पडतो, हे त्याला समजवायला हवा काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच्या गाडीच्या कॅलिपरवर आता पंचाचे टिंब आहेत, डाव्याला एक, उजव्याला दोन. पोऱ्याने मारलेत. ट्रेही आता दोन आहेत. बिलात मी बाटली एकच लावली.